मदत हवी आहे : हार्मोन उपचार चालू असताना पोटाचा वाढता घेर

मैत्रिणींनो, मी दादरला राहते, वय 51. रजोनिवृत्तीत अंगातून वाफा येणे आणि झोप उडणे असह्य झाल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी घेते. त्या त्रासातून मोठी सुटका झाली, मात्र पोटाचा घेर वाढतोच आहे. उपचारामुळे वजन वाढते असे सिद्ध झालेले नाही, उलट इस्ट्रोजेन घटल्यावरच चरबी पोटाकडे साठू लागते आणि वयानुसार स्नायूही झिजतात, असे डॉक्टरांनी समजावले, त्यामुळे औषध सोडण्याचा माझा मुळीच विचार नाही. शिवाजी पार्कला रोज चालते, पण स्नायूंसाठी तेवढे पुरेसे नसावे. पोळी-भात-आमटीच्या शाकाहारी जेवणात प्रथिने कशी वाढवावीत? गुडघे सांभाळून वजन उचलण्याचे व्यायाम पन्नाशीनंतर कोणी सुरू केले असल्यास, सुरुवात कशी केली, हे कृपया सविस्तर लिहावे.