मदत हवी आहे: एमएस जनरल सर्जरीनंतर फेलोशिप की थेट प्रॅक्टिस? (ठाणे/नवी मुंबई)

एमएस जनरल सर्जरी झालंय, सरकारी सेवेचा बाँडही संपत आलाय. घर कळव्याला, काम ठाणे ते पनवेल पट्ट्यातच करायचंय. स्वतःचं हॉस्पिटल टाकण्याएवढं भांडवल नाही, म्हणजे सुरुवात नर्सिंग होम्सना अटॅच होऊनच.

हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, डायबेटिक फूट एकटा करतो. लॅप कोलेसिस्टेक्टॉमीत (दुर्बिणीने पित्ताशय काढणं) मात्र कॅमेराच जास्त धरलाय. कॅलॉट्स ट्रँगल (पित्ताशयाजवळची नाजूक जागा) चिकटलेला दिसला की सर जागा बदलायला सांगतात. एफएमएएस हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा कोर्स केलाय, पण काही दिवसांच्या कोर्सने हात बसत नाही.

एमसीएच (सुपरस्पेशालिटी पदवी) नको. नीट-एसएस (त्याची प्रवेशपरीक्षा) आणि पुढची तीन वर्षं घरच्या परिस्थितीत जमणार नाहीत. उरतं मिनिमल अ‍ॅक्सेस म्हणजे दुर्बिणीच्या सर्जरीतलं एफएनबी (राष्ट्रीय बोर्डाची फेलोशिप; एफईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन, दोन वर्षं), नाहीतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची वर्षभराची फेलोशिप. स्टायपेंड कमी असला तरी चालेल, मुंबईबाहेर जायचीही तयारी आहे.

सीनियर्सना विचारून झालं. एक म्हणतात, "खारघरचा पेशंट डिग्री विचारत नाही, दुर्बिणीने करता का तेवढं विचारतो." दुसरे म्हणतात, रात्री दोनला परफोरेशन (आतडं फुटल्याची इमर्जन्सी) घेणारा सर्जन उपाशी राहत नाही. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत!

"मनाला विचार" वगैरे कृपया नको. फेलोशिप केलेल्यांनी सांगा, पहिल्या वर्षात प्रायमरी सर्जन म्हणून खरोखर किती केसेस मिळाल्या? आणि इथली नर्सिंग होम्स अटॅच करून घेताना एफएनबी आणि विद्यापीठाच्या फेलोशिपमध्ये फरक करतात, की लॉगबुकच (केलेल्या केसेसची नोंदवही) बघतात?