मदत हवी आहे: सेलूला आकाशवाणी नीट लागून नाही राहिली, काय करू?

कपाशी_७ | १२ नोव्हेंबर २०१७, रात्री ९.४०
नमस्कार, आमच्या सेलूला आकाशवाणी नीट लागत नाहीये दिवाळीपासून. आवाज येतो पण फाटल्यासारखा, बातम्या देणारा माणूस नाकातून बोलतो नि त्याचा प्रत्येक स आणि श फरफरतो, गाणं तर ऐकवतच नाही. आई रोज सकाळी फोन करून ओरडून राहिली. तिचा सगळा दिवस रेडिओवर चालतो, सकाळचं भक्तिसंगीत संपलं की दूध तापवायचं, ६.५५ च्या संस्कृत बातम्या लागल्या की चहा, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम नि बाजारभाव. घड्याळ पाहतच नाही ती. एरियल पूर्ण वर करून पाहिला, त्याला तार बांधून ती कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली, छतावर नेऊन पाहिला, काहीच फरक नाही. मी पुण्यात असते, शनिवारी घरी जाणार आहे तेव्हा करता येईल असं काहीतरी लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५
सेलूला काय अडचण? परभणी केंद्र १३०५ वर आहे, २० किलोवॅट ताकदीचं, सेलू तर अगदी जवळ. आमच्या मानवतला घरोघरी लागतं. काटा १३०० च्या किंचित पुढे न्या, लागेल.

तांब्याचीतार | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२०
कपड्याची तार चालत नाही ताई, ती गंजलेली असते. जाळीचा एरियल घ्या, तांब्याची पट्टी येते विणलेली, अंगणात दोन बांबूंना पूर्व-पश्चिम बांधा, दोन टोकांना चिनी मातीचे गुटके लावा आणि मधून वायर खाली घरात घ्या. दुसरी वायर जमिनीत, ओल्या जागी लोखंडी कांब ठोकून. आमच्या वडिलांनी १९६८ साली असाच केला होता, घरबसल्या सिलोन घड्याळासारखं स्पष्ट. शंभर टक्के गुण येणार.

अभि_कोथरूड | १२ नोव्हेंबर, रात्री १०.३३
अहो एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर अॅप टाकून द्या, खरखर नाही काही नाही. माझे आजोबा पुणे केंद्राच्या ७.१० च्या बातम्या चुकवत नाहीत, आता ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतात.

कपाशी_७ | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५
सेलू म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं सेलू, परभणीचं नाही!! नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझरच्या पुढे. केंद्र नागपूर. मला वाटलं कळेल.
अॅपचं सुचवल्याबद्दल आभार पण आईकडे बटणांचा फोन आहे नि घरात रेंजही एकाच खिडकीत येते. तिला रेडिओच हवा आहे, तिच्या स्वयंपाकघरात, फळीवर.

गोदाकाठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०
मग आधी जिल्हा लिहायचा ना ताई. आमचंही सेलूच आहे, आणि मोठं आहे.

लहरी_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
नागपूर म्हणजे ५८५ किलोहर्ट्झ, ३०० किलोवॅट. ३०० म्हणजे केवढं ते पाहा, परभणी, सांगली, जळगाव, रत्नागिरी ही सगळी २० ची. ५८५ दिवसा अख्ख्या विदर्भात जातं, तुमचं गाव तर नागपूरहून साठेक किलोमीटर. तिथे ते खिळ्यावर टांगलेल्या खोक्यातही ऐकू यायला पाहिजे. म्हणजे सिग्नल कमी पडत नाहीये, दुसरंच काहीतरी आहे, आणि तुम्ही जे महत्त्वाचं तेच सांगितलेलं नाही. रेडिओ कोणता, काट्याचा की आकड्यांचा? जुना की नवा? लाइटवर चालतो की सेलवर? शेजाऱ्यांकडे कसं लागतं? दिवसा आणि रात्री फरक आहे का?
आणि एरियल, तार, छत हे सगळं विसरा. आजच्या सेटचा वर ओढायचा एरियल एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असतो. मीडियम वेव्ह, म्हणजे तुमचं नागपूर ५८५ ज्या पट्ट्यात येतं तो, पकडते ती आतली फेराइटची कांडी, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली काळी कांडी. ती आडवी असते, तिची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरतो आणि टोक केंद्राकडे गेलं की बसतो. म्हणून रेडिओ उंच नेण्यापेक्षा जागच्या जागी फिरवून पाहायचा.

तांब्याचीतार | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.४५
काका, तार विसरा म्हणता तर मग आम्ही वीस वर्षं काय ऐकत होतो? बाहेरचा एरियल काढला की आमचा सेट मुका व्हायचा. अनुभव आहे माझा, पुस्तकातलं नाही सांगत.

लहरी_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.२०
तुमचा अनुभव खराच आहे पण तो व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीचा काचेच्या नळ्यांचा सेट होता, त्याला मागे एरियल आणि अर्थ अशी दोन भोकं असायची, बाहेरची तार त्याला लागायचीच. आत्ताच्या बहुतेक ट्रान्झिस्टरला मीडियम वेव्हसाठी तशी जागाच नसते. ताईंनी शनिवारी दिवसभर बांबू रोवले आणि काही झालं नाही तर त्यांचा शनिवार वाया.

तांब्याचीतार | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.३१
रेडिओभोवती त्याच तारेचे चार वेढे दिले तरी फरक पडतो. करून पाहा आणि मग बोला.

लहरी_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
हो, वेढ्यांनी पडतो, ते मान्य. पण लांबचं केंद्र असेल तेव्हा. इथे सिग्नल भरपूर आहे.

शाळामास्तर | १३ नोव्हेंबर, दुपारी १.१०
धागा वाचून फार जुनं आठवलं. आमच्याकडे रेडिओचं लायसन्स होतं, पोस्टात पैसे भरून त्या पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यायची. ते बंद झालं ऐंशीच्या दशकात, पण आईने ते पुस्तक जपून ठेवलंय अजून. डोंबिवलीच्या चाळीत दुपारी वनिता मंडळ आणि संध्याकाळी कामगार सभा एकाच वेळी दहा घरांतून ऐकू यायची, जिना चढताना एक ओळही चुकायची नाही. रेडिओवरच्या प्रपंच मालिकेतल्या टेकाडे भावजींना तर लोक नात्यातलं समजायचे. तोच कार्यक्रम, तीच वेळ, वर्षानुवर्षं. ताईंच्या आईंचं मला शंभर टक्के पटतं, वेळ बदलली किंवा आवाज बदलला की घर विस्कटतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

निवेदनप्रेमी | १३ नोव्हेंबर, दुपारी २.००
आकाशवाणीत काम करायची कुणाला इच्छा असेल तर सांगते, केंद्रांवर नैमित्तिक उद्घोषकांची पॅनल असतात, जाहिरात निघाली की अर्ज करायचा. लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. उच्चारांवर आत्तापासून मेहनत घ्या, च आणि ज चे दोन्ही उच्चार, ण आणि न, श आणि ष. रोज पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून ऐका.

अभि_कोथरूड | १३ नोव्हेंबर, दुपारी २.१५
हे कुणी विचारलंय इथे?
मूळ प्रश्नावर, एफएम का लावत नाही? मीडियम वेव्ह आता संपत आलाय. नागपूर विविध भारती एफएमवर आहे, १००.६, एकदम स्वच्छ.

मोहफूल | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.०५
संपत आलाय असं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे हो. मी गडचिरोलीकडची. एफएम सरळ रेषेत जातं, मधे डोंगर आला की संपलं, डोंगर नसला तरी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे धड लागत नाही. मीडियम वेव्ह जमिनीला धरून येतं, जंगलातही येतं. आमच्याकडे धान कापणीच्या वेळी पावसाचा अंदाज बांधावर ट्रान्झिस्टरवरच ऐकतात. शिवाय विविध भारतीवर या ताईंच्या आईला हवा तो शेतीचा कार्यक्रम नि बाजारभाव मिळणार आहे का? त्यांना नागपूर केंद्र पाहिजे, गाणी नाही.

अभि_कोथरूड | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.२०
ठीक आहे, तो मुद्दा लक्षात आला नव्हता माझ्या.

कपाशी_७ | १३ नोव्हेंबर, रात्री ८.५५
काका, आईला फोनवर एकेक विचारून लिहिते आहे. रेडिओ नवा आहे, आकड्यांचा, दिवाळीत भाऊ आला तेव्हा त्याने आणला, छान आहे, मोठ्ठा स्पीकर आहे. जुना काट्याचा त्याच आठवड्यात आईने भाचीला खेळायला देऊन टाकला, भाचीने त्याचा काटा तोडला. शेजारच्या काकूंकडे नागपूर स्वच्छ लागतं. लाइटवर चालतो, अॅडॉप्टर लावून. दिवसा फाटका आवाज, रात्रीही फाटकाच. आईने आकडे वाचून सांगितले, ५८० वर थोडं ऐकू येतं, ५९० वर पण तेवढंच, मधे थांबतच नाही म्हणते. रात्री १५६० नि १५७० दोन्हीकडे एकच हिंदी कार्यक्रम घरघरतो. विविध भारतीला १००.५ नंतर एकदम १००.७ होतं.

लहरी_काका | १३ नोव्हेंबर, रात्री ९.०२
भाऊ कुठून आला?

कपाशी_७ | १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०
शिकागोहून. त्याचा काय संबंध?

लहरी_काका | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३५
सगळा संबंध त्याचाच आहे! सापडलं.
अमेरिकेत मीडियम वेव्हची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, ५८०, ५९०, ६००. आपल्याकडे, युरोपात आणि आफ्रिकेतही, १९७८ च्या नोव्हेंबरपासून नऊ-नऊच्या अंतराने. आपलं कुठलंही केंद्र घ्या, नऊने भाग जातो. मुंबईची अस्मिता ५५८, पुणे ७९२, सांगली १२५१, नागपूर ५८५. तुमचा सेट दहाच्या पायऱ्यांनी उड्या मारतोय आणि नागपूर बरोबर दोन पायऱ्यांच्या मधोमध बसलंय, पाच इकडे पाच तिकडे. केंद्र जोरदार आहे म्हणून शेजारच्या पायरीवरही ऐकू येतं, पण कडेने ऐकू येतं, म्हणून आवाज नाकातला आणि स फरफरणारा. सांगलीकडे असता तर १२५० वर जवळजवळ चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. रात्रीचं ते हिंदी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या १००० किलोवॅटच्या केंद्राचं, १५६६, आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी, तेही दोन पायऱ्यांत अडकलंय. एफएमचंही तेच, तिकडे फक्त विषम दशांश, १००.५, १००.७. तुमचं १००.६ मधे राहून जातं.
आता उपाय. परदेशी प्रवास करणाऱ्यांसाठी म्हणून बऱ्याच सेटना ९ आणि १० अशी अदलाबदल ठेवलेली असते. सेलच्या खणात झाकणाखाली बारीक सरकता स्विच असेल, किंवा रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरायचं असेल. भावाला पुस्तिकेचा फोटो पाठवायला सांगा. बदल केला की साठवलेली स्टेशनं पुसली जातात, पुन्हा भरायची. आणि अॅडॉप्टर २३० व्होल्टचा आहे ना ते तळाशी वाचून खात्री करा.

गोदाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ९.५०
वा काका! म्हणजे तो रेडिओ आमच्या सेलूत असता तरी परभणी लागलं नसतं, १३०५ पण मधोमधच येतं.

तांब्याचीतार | १३ नोव्हेंबर, रात्री १०.०५
हे मला माहीत नव्हतं. बरोबर आहे काकांचं. तरी जाळीचा एरियल लावून ठेवा, पुढेमागे शॉर्ट वेव्हला कामी येईल.

कपाशी_७ | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.२०
काल घरी आले. सेलच्या खणात खाली तो स्विच होता, इतका बारीक की साडीच्या पिनेने सरकवावा लागला. ५८५ लागलं आणि नागपूर असं काही खणखणीत आलं की आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेरच आली. १००.६ पण आलं. काका, खूप खूप आभार. मी भावावर विनाकारण चिडले होते, त्याला फोन करून सांगितलं.
एक राहिलंय, संध्याकाळी लाइट लावले की मागे बारीक गुंग्ग असा आवाज येतो, दिवसा नसतो.

लहरी_काका | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.००
छान झालं. ते एलईडी बल्बचं आहे, नाहीतर अॅडॉप्टरचं. अॅडॉप्टर काढून सेलवर चालवा, आवाज गेला तर तोच दोषी. नाही गेला तर एकेक बल्ब बंद करून पाहा, सापडेल तो बदला किंवा रेडिओ त्या बल्बपासून दोन-तीन हात लांब ठेवा. मोबाइलचा चार्जर आणि इन्व्हर्टरही तपासा. मग वर सांगितलं तसा रेडिओ फिरवून पाहा.

कपाशी_७ | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०
ओट्यावरचा बल्ब निघाला, फळीच्या अगदी डोक्यावरचा. रेडिओ पिठाच्या डब्याजवळ सरकवला नि नागपूरकडे तोंड केलं, आता नाही येत. आईला आकडे दिसत नाहीत म्हणून ५८५ हे १ नंबरच्या बटणावर साठवलं, तिने त्यावर लाल टिकली चिकटवली आहे.

लहरी_काका | १९ नोव्हेंबर, रात्री ८.०५
सेल बदलताना तो स्विच नखाने सरकून परत १० वर जातो, आईंना सांगून ठेवा. शक्य असेल तर त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा.