मोटरहोम घेताना योग्य किंमत कशी ठरवावी आणि डीलरशी बोलणी कशी करावीत?

प्रश्न (वाटसरू_नवा)

गेली दोन वर्षे सुट्टीसाठी मोटरहोम (राहण्याची सोय असलेले वाहन) भाड्याने घेऊन फिरल्यानंतर आता आम्ही स्वतःचे वाहन घेण्याचे ठरवले आहे. नवेच हवे असा हट्ट नाही. चार-पाच वर्षे वापरलेले, पण नीट राखलेले मिळाले तरी चालेल. अडचण अशी की, एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची आणि जवळपास सारखेच अंतर धावलेली दोन वाहने दोन डीलरांकडे पाहिली, आणि त्यांच्या किमतीत सुमारे १८ टक्क्यांचा फरक निघाला. फरकाचे कारण दोघांपैकी एकालाही सांगता आले नाही. त्यातल्या एकाने तर वाहन दाखवण्याआधीच, ‘महिन्याला किती हप्ता परवडेल?’ असे विचारले. रास्त किंमत कोणती हे ग्राहकाने कसे ओळखावे, आणि बोलणी कोठून सुरू करावीत?

उत्तर १ (वहीतला_हिशेब)

घाई नसेल तर सहा ते आठ आठवडे केवळ जाहिरातींची नोंद ठेवावी. तुम्हाला हवे असलेले मॉडेल आणि त्याच्या तोडीची आणखी दोन मॉडेले निवडून प्रत्येक जाहिरातीचा दिनांक, मागितलेली किंमत, बांधणीचे वर्ष, धावलेले अंतर, पलंगांची रचना आणि जोडसाहित्य एका तक्त्यात लिहीत जावे. जाहिरातीतला आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते, प्रत्यक्ष सौद्याची रक्कम नसते. मात्र तीच जाहिरात तीन आठवड्यांनी उतरलेल्या किमतीसह पुन्हा दिसली, किंवा एखादे वाहन चार दिवसांतच यादीतून नाहीसे झाले, की बाजार कोणत्या आकड्याला होकार देतो याचा अंदाज येऊ लागतो. मी हे केले तेव्हा पहिल्या पंधरवड्यात स्वस्त वाटलेले वाहन महिनाअखेर मला महाग वाटू लागले होते.

वर्षाच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. मोटरहोम बांधणारी कंपनी इंजिनासह चासी (म्हणजे वाहनाचा खालचा सांगाडा) सहसा दुसऱ्या उत्पादकाकडून घेते. फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट किंवा मर्सिडीज स्प्रिंटर ही त्यातली नेहमीची नावे. त्यामुळे चासी आदल्या वर्षीची आणि तिच्यावरचे घर पुढच्या वर्षीचे, असे सर्रास घडते. शिवाय नोंदणी त्याहूनही उशिरा झालेली असू शकते. ‘एकाच वर्षाची’ म्हणून तुम्ही पाहिलेली दोन वाहने या तिन्ही तारखांनी खरोखर जुळतात का, हे कागदपत्रांवरून तपासा.

उरलेला फरक बहुधा जोडसाहित्याचा असेल. वाहनाच्या बाजूला उघडणारा छत्री-पडदा, सौरपटल, लिथियम बॅटरी, सायकलींचा रॅक यांवर पहिल्या मालकाने केलेला खर्च जुन्या वाहनाच्या किमतीत पूर्ण वसूल होत नाही, तरीही डीलर तो पूर्ण मोजून दाखवतो. त्यातच या प्रत्येक वस्तूला वजन असते. एकटा छत्री-पडदाच पंचवीस-तीस किलो भरतो, आणि पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की आणखी १०० किलो वाढतात. अनेक देशांत साध्या कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येत असल्यामुळे, साहित्याने लदलेल्या वाहनात माणसे आणि सामान यांच्यासाठी किती किलो शिल्लक राहतात, हे विचारलेच पाहिजे. जास्त किमतीचे वाहन या हिशेबात कमी उपयोगाचे ठरू शकते.

उत्तर २ (सावकाश_चालक)

हप्त्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. हप्ता लहान करून दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कर्जाची मुदत लांबवणे, आणि तसे करताना किमतीला हातही लावावा लागत नाही. वार्षिक ९ टक्के व्याजाने घेतलेल्या दर १०० रुपयांमागे १० वर्षांच्या मुदतीत एकूण सुमारे १५२ रुपये फेडावे लागतात, तर १५ वर्षांच्या मुदतीत सुमारे १८३. हप्ता मात्र १.२७ वरून १.०१ वर आलेला दिसतो आणि ग्राहक खूश होतो.

वाहनाची किंमत, जुने वाहन मोडीत किंवा बदल्यात देणे आणि कर्ज हे तीन वेगळे सौदे आहेत. ते एकत्र केले की एकात दिलेली सूट दुसऱ्यात गुपचूप वसूल होते. म्हणून बँकेकडून कर्जाची मंजुरी आधीच घेऊन ठेवावी, जुन्या वाहनाला बाहेर काय किंमत येते ते पाहून ठेवावे, आणि डीलरकडे एकच आकडा लेखी मागावा: कर, नोंदणी, तयारीचा खर्च, कागदपत्रांचे शुल्क हे सारे धरून किल्ली हातात पडेपर्यंत लागणारी एकूण रक्कम. दोन डीलरांची तुलना याच आकड्यावर करावी.

वाहन त्यांच्याकडे किती महिन्यांपासून उभे आहे हेही विचारावे. डीलर बरेचदा उधारीच्या पैशावर माल उभा करतात, त्यामुळे न विकलेले वाहन त्यांना रोज व्याज भरायला लावते. हंगाम संपताना ही कळ अधिक जाणवते. आकडा सांगितल्यावर विक्रेता ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून आत जातो आणि दहा मिनिटांनी थोडीशी सूट घेऊन परततो. त्या दहा मिनिटांत आपण आपापसांत बोलून स्वतःचाच आकडा वाढवू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

उत्तर ३ (ओल_पाहिलेला)

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, तरी किमतीत मिळालेल्या सवलतीच्या आनंदात मी जी चूक केली ती सांगतो. चांगली घासाघीस करून घेतलेल्या माझ्या पहिल्या मोटरहोमच्या मागच्या खिडकीखाली भिंत आत पाणी मुरल्याने अंगठ्याने दाबली की किंचित आत जायची. ते मला खरेदीनंतर तीन महिन्यांनी कळले, आणि दुरुस्तीचा खर्च मिळवलेल्या सवलतीच्या दुपटीहून अधिक आला. तेव्हापासून मी ओल मोजण्याच्या यंत्राशिवाय जात नाही. १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा सहसा चिंतेचा मानला जात नाही. २० च्या पुढे गेला की पाणी कोठून शिरते ते शोधल्याशिवाय किमतीवर बोलूच नये.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंकही वाचा. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. मोटरहोम वर्षातला बराच काळ उभे असल्याने टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. गॅसवरही चालणारा फ्रिज गार व्हायला अनेक तास लागतात, म्हणून तो आदल्या दिवशीच सुरू करून ठेवायला सांगावे. इंजिन मात्र आपण पोहोचेपर्यंत गारच राहू द्यावे. सापडलेला प्रत्येक दोष लिहून, ‘हे दुरुस्त करून द्या किंवा एवढी रक्कम कमी करा’ असे म्हटले की मागणीला आधार मिळतो. नुसते ‘काहीतरी कमी करा’ म्हणणाऱ्याला डीलर रोज भेटत असतो.

वाटसरू_नवा

सर्वांचे आभार. काल दोन्ही ठिकाणी पुन्हा जाऊन आलो. महाग वाहनाची चासी खरोखरच एक वर्षाने नवी निघाली, पण त्याचे चारही टायर सात वर्षांचे आहेत. स्वस्त वाहनाच्या डीलरने एकूण रक्कम लेखी दिली, मात्र आजच इसार भरला तरच ती कायम राहील असे सांगितले. भरावा का?

सावकाश_चालक

तपासणीत दोष निघाल्यास इसार पूर्ण परत मिळेल, असे पावतीवर लिहून देत असतील तर भरा. तसे लिहून द्यायला नकार दिला, तर ओल मोजून झाल्याशिवाय खिशात हात घालू नका.