रीळ, रील आणि चित्रफीत

कोपरी, ठाणे पूर्व
भाची विचारते, "मामा, माझी रील बघितलीस का?" तिचे आजोबा तिला विचारतात, "तुझं रीळ झालं का काढून?" दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. वर्तमानपत्रात तिसराच शब्द असतो: 'चित्रफीत समाजमाध्यमांवर प्रसारित'. मराठीत लिहिताना यातला कोणता घ्यावा? आणि रील ती की तो? उपवनला पोरं "रील बनवला" असंही म्हणताना ऐकली आहेत.

नौपाडा
मूळ इंग्रजी शब्द एकच असला तरी मराठीत हे दोन वेगळे शब्द मानावेत, असं माझं ठाम मत आहे. तो आपल्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा दोऱ्याबरोबर आणि सिनेमाबरोबर आला, तेव्हा त्याचं रीळ झालं. नपुंसकलिंगी, अनेकवचन रिळं, आणि मीठ-मिठाला तसं रीळ-रिळाला. शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला, इस्पितळात झाला तसा. सगळ्या परक्या शब्दांचं असं झालं नाही. मैल, बिल, अपील 'ल' घेऊनच राहिले. म्हणून रीळ मला फार आपलं वाटतं. २०२० मध्ये मोबाइलवर आलेली रील मात्र हिंदीच्या वाटेने आली असावी. हिंदीत ती स्त्रीलिंगी, म्हणून आपल्याकडेही बहुतेक जण 'ती रील' म्हणतात. 'बनवली' हे क्रियापदही मला तिकडचंच वाटतं. सिनेमाचं रीळ कोणी बनवत नसे. ते लावत, बदलत, गुंडाळत.

वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे रीळ म्हणजे काय हे मी हातात घेऊन पाहिलेलं आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट सरकते. म्हणजे हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालणार. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरही सिनेमाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांत लिहिलेली असे. ही ११ मिनिटं नुसती दाखवणाऱ्याची अडचण नव्हती. कॅमेऱ्यातही सहसा हजार फुटांहून जास्त फिल्म मावत नसे, त्यामुळे न तोडता लांब दृश्य घेऊ पाहणाऱ्या दिग्दर्शकाला तिथे थांबावंच लागे. शिवाय फिल्म महाग. तालमी पुरत्या झाल्याशिवाय कॅमेरा सुरू करणं परवडत नसे, आणि कमी पैशांत कलात्मक सिनेमा करणाऱ्यांना तर मुळीच नाही. मोबाइलची रील सुरुवातीला १५ सेकंदांची होती. तेवढ्याला फिल्म लागली असती साडेबावीस फूट.

आणखी एक शब्द इथेच नोंदवतो: डबा. रिळं गोल डब्यांत ठेवत, म्हणून पूर्ण होऊनही प्रदर्शित न झालेला सिनेमा 'डब्यात पडून' असतो. वितरक न मिळालेल्या समांतर चित्रपटांबद्दल हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. आता तो सिनेमा हार्ड डिस्कवर असतो, तरी बोलण्यात डब्यातच पडलेला असतो. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. त्या वाक्यातून आता कोणाच्या डोळ्यांपुढे पत्रा येत नाही. कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत अडकली आहे, एवढंच कळतं.

ऐरोली
मी छपाईच्या धंद्यात आहे. जाहिरातींच्या शब्दांतही अशीच सरमिसळ आहे. बातमीत 'बेकायदा फलक', गिऱ्हाईक मागतं 'फ्लेक्स' नाहीतर 'बॅनर'. पेंटर पत्र्यावर रंगवायचे तेव्हा सगळे 'बोर्ड' म्हणत. फ्लेक्स हे खरं तर मालाचं नाव, वाकणाऱ्या, गुंडाळता येणाऱ्या पीव्हीसीच्या कापडाचं. पण साध्या सुती कापडावर वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून दिल्या तरी लोक म्हणतात, "फ्लेक्स झाला का?"

होर्डिंगची गंमत तर वेगळीच. इंग्रजीत त्याचा आधीचा अर्थ बांधकामाभोवतीचं फळ्यांचं तात्पुरतं कुंपण. त्यावर जाहिराती चिकटवू लागले आणि कुंपणाचं नाव जाहिरातीच्या सांगाड्याला गेलं. घोडबंदर रोडला टॉवरच्या जागेभोवती बिल्डर आपल्या जाहिरातीचे रंगीत पत्रे उभे करतात, ते या जुन्या अर्थाने अस्सल होर्डिंग. त्यांना आपण मात्र 'पत्रे' म्हणतो.

एक आग्रह आहे. मोठ्या सांगाड्याला 'फलक' लिहू नये. फलकाचाच फळा झाला. मनात येते ती भिंतीवर टांगण्याजोगी वस्तू. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जे कोसळलं ते १२० फूट बाय १२० फूट होतं, आणि १७ माणसं गेली. त्याला 'फलक कोसळला' म्हटलं की घटनेचा आकारच कळत नाही. तिथे होर्डिंगच लिहावं.

कोपरी, ठाणे पूर्व
हे पटलं. पण चित्रफितीचं काय?

नौपाडा
फीत पोर्तुगीजांकडून आली. केसांना बांधायची, उद्घाटनाला कापायची, मग टेप आल्यावर ध्वनिफीत आणि चित्रफीत. कॅसेट होती तोवर शब्द अगदी चपखल होता. आता फीत उरली नाही, म्हणून मी तो टाकणार नाही. डबा चालतो तर फीतही चालावी. पंचनाम्यात, बातमीत, सीसीटीव्हीच्या संदर्भात चित्रफीत लिहावं. बोलताना व्हिडिओ. भाचीने नाचून टाकलेली ती रील, स्त्रीलिंगी. आणि रीळ दोऱ्याचं, पतंगाच्या मांज्याचं, जुन्या सिनेमाचं. आजोबा म्हणतात त्यांना म्हणू द्या, ऐकायला गोड वाटतं.

बेलापूर
दादा, रील स्त्रीलिंगी धरली तर अनेकवचन 'रिली' व्हायला हवं ना? मूठ-मुठी, सहल-सहली तसं. मी सातवीला मराठी शिकवते. मुलं निबंधात सर्रास 'रिल्स' लिहितात. यंदा एका मुलीने 'दोन रिली' लिहिलं होतं, आणि मी त्याखाली लाल रेघ मारली नाही. ठाणे, पनवेल, उरण भागात आणखी कुणाच्या तोंडी 'रिली' ऐकलं असेल तर जरूर लिहा.