गावकरी मारले गेले तेव्हा : आपापले अनुभव लिहावेत

'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम 2011 साली आला तेव्हापासून मी तो अधूनमधून खेळत आहे, पण त्यात मारलेल्या ड्रॅगनांपेक्षा बेलेथॉर नावाच्या दुकानदाराचे मरण माझ्या अधिक लक्षात राहिले आहे. 2012 च्या 'डॉनगार्ड' या पुरवणीनंतर रात्री व्हाइटरन या खेळातल्या शहरात व्हॅम्पायर शिरू लागले. एकदा लूट विकायला मी तिथे पोहोचलो, तर बाजारात बेलेथॉर मरून पडला होता आणि त्याची पेठेतली बडबड कायमची थांबली होती. अशा हल्ल्यांत आपण कोणाला गमावले आणि पुढे काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे.

कर्वेनगरहून

बेलेथॉर गेला तरी त्याचा नोकर सिगर्ड दुकान चालवतो, हे मला फार उशिरा कळले. तोवर परीक्षेच्या आदल्या रात्री, खोलीतल्या मैत्रिणी झोपलेल्या असताना, तो जिवंत व्हावा म्हणून मी तीन तासांपूर्वी जतन केलेला खेळ उघडून सगळी गुहा पुन्हा पार केली होती. तो मला कधी आवडला नव्हता, हे येथे नमूद करते.

नारायण पेठेतून

माझा मुलगा खेळतो आणि मी शेजारी बसून पाहतो. खेळातल्या रिव्हरवुड गावावर ड्रॅगन आला, तेव्हा लोक घरात शिरून कडी लावण्याऐवजी हातात येईल ते शस्त्र घेऊन त्याच्यावर धावून जाऊ लागले. आमच्या पेठेतल्या दुकानदाराने आधी शटर ओढले असते आणि मग खिडकीतून ड्रॅगनला चार शब्द सुनावले असते. त्या धुमश्चक्रीत तिथला दुकानदार ल्युकन मेला. दुसऱ्या दिवशी त्याची बहीण कमिला गल्ल्यावर उभी होती आणि भाव नेहमीचेच होते. मुलाला त्यात काहीच वावगे वाटले नाही. मला मात्र तो दिवस बरा गेला नाही.

हिंजवडीहून

वरच्या अनुभवातील गावकऱ्यांच्या वेडेपणाला कारण आहे. खेळ घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये (एडिटरमध्ये) प्रत्येक पात्राला धैर्याची एक पायरी दिलेली असते. भित्रा ते अविचारी अशा त्या पाच पायऱ्या आहेत. पात्र पळेल की लढेल हे मुख्यतः तीवरून ठरते, त्यामुळे समोर लांडगा असो वा ड्रॅगन, अविचारी म्हणून नोंदलेला माणूस सुरी उपसतोच. ज्यांच्यावाचून कथा अडेल, त्यांना मरण नसते. ती पात्रे गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. म्हणजे मरतात ते कथेला नको असलेले, आणि नेमकी त्यांच्याशीच आपली रोजची देवघेव असते. ड्रॅगन आला की लोकांना घरात पळवणारा एक मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेला खेळातला बदल, आहे. तो मी बसवला, तेव्हा पहिल्या हल्ल्यात गल्ली एकदम रिकामी झाली. फक्त पहारेकरी उरले आणि मी.

सिंहगड रस्त्यावरून

हल्ल्यानंतर दोन दिवसांनी धावत आलेल्या टपालवाल्याने मला पत्र दिले. ज्या बाईची मी एकदा किरकोळ मदत केली होती, ती वारली होती आणि माझ्यासाठी थोडे सोने ठेवून गेली होती. त्यातून सरकारी करही वजा झालेला होता. त्या पैशांचे मी बाण घेतले. त्यानंतर रात्री व्हाइटरनला जाणे मी बंद केले आहे; वेशीबाहेर सकाळ होईपर्यंत थांबतो.