आजोबांचा व्हॉल्व्हचा मर्फी: आतलं काही न काढता ब्लूटूथ बसवता येईल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. कराडच्या घरी माळ्यावरून आजोबांचा मर्फी रेडिओ खाली काढलाय, काचेच्या नळीसारख्या व्हॉल्व्हवर चालणारा. लाकडी खोकं, पुढं सोनेरी धाग्याचं कापड. एका कोपऱ्यात उंदरांनी ते कुरतडलंय, पण पॉलिशवर अजूनही बोट अलगद सरकतं. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्याचं पुस्तक सोबत सापडलं, वर्षावर्षाचे शिक्के मारलेलं.

वडील ७८ वर्षांचे आहेत. मोबाइलवरची नाट्यगीतं त्यांना यातून ऐकायची आहेत, तीही अंगणात झोपाळ्यावर बसून. म्हणजे बॅटरी हवी. एक दुकानदार म्हणाला, "आतलं सगळं भंगारात घाला, नवी सर्किटची पाटी बसवून देतो." मला ते अजिबात पटलं नाही. व्हॉल्व्ह, डायलची दोरी, सगळं जागच्या जागी राहायला हवं. मार्ग आहे का?

सोल्डरगन
ताई, आहे. पण आधी एक ऐका: कुतूहल म्हणूनसुद्धा प्लग लावू नका. मी ३० वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत. व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. यूसीएच, यूएल असे 'यू'ने सुरू होणारे असतील तर त्या सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर (घरातल्या विजेपासून सेट वेगळा ठेवणारा) नसतो आणि चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, थेट घरातली वीज येऊ शकते. बटणाच्या उघड्या पेचाला हात लागला तरी झटका बसतो. 'ई'वाले असले तरी आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि इतक्या वर्षांत पेपर कंडेन्सरमधून वीज झिरपायला लागलेली असते.

बॅटरीवरच वाजवायचंय ना? मग प्लगची वायर गुंडाळून आतच बांधून टाका आणि फक्त स्पीकर वापरा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून स्पीकरला दोन तारा येतात. त्या सोल्डरचा डाग वितळवून सोडवा, इन्सुलेशन टेप लावा, कोणती कुठली त्याची चिठ्ठी बांधा. आता साधा दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज येऊन कागदी कोन हलला की कॉइल शाबूत. कोन हातानं हलकेच दाबल्यावर खरखर झाली तर कॉइल घासतेय.

पुढंमागं कुणाला हा सेट पुन्हा व्हॉल्व्हवर वाजवावासा वाटला तर त्या दोन तारा जोडायच्या आणि कंडेन्सर बदलायचे. म्हणून एकही भोक नवीन पाडू नका.

बुधवारपेठी
पुण्यात पासोड्या विठोबाजवळ हे सगळं सामान मिळतं. पॅम ८४०३ ची छोटी अँप्लिफायर पाटी घ्या. ती ५ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला ३ वॅटपर्यंत देते. या जुन्या स्पीकरना तेवढं पुष्कळ, व्हॉल्व्हसुद्धा साधारण तेवढंच द्यायचा.

एकच चॅनेल वापरा. डावा-उजवा आवाज एकत्र करताना दोन्ही तारांत एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि मग जोडा. दोन्ही चॅनेलचे आउटपुट मात्र कधीही एकमेकांना जोडू नका. स्पीकरची कुठलीही तार चासीला लागता कामा नये.

पॉवरबँक टाळा. गाणं हळू वाजत असलं की करंट कमी पडतो आणि बऱ्याच पॉवरबँका आपोआप बंद होतात. १८६५० हा चार्ज होणारा एक लिथियम सेल आणि चार्जिंगसाठी संरक्षण सर्किटवाली टीपी ४०५६ ची पाटी, बस.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितेय. नंबर 'यू'चेच निघाले! सोल्डरगन काका, तुम्ही वेळेवर सांगितलंत. आदल्याच दिवशी वडील प्लग शोधत होते.

स्पीकर 'टक्' म्हणाला. पाटी जोडली, गाणं लागलं, पण मागं सतत बारीक किर्र आवाज. ब्लूटूथच्या पाटीला आणि अँप्लिफायरला एकाच सेलमधून वीज दिली होती, त्यामुळे. मध्ये बी०५०५एस हा वीज वेगळी करणारा चिमुकला मॉड्यूल टाकला आणि किर्र थांबली.

जुना व्हॉल्यूम कंट्रोल न तोडता भोकातून सोडवलाय आणि कापडात गुंडाळून ठेवलाय. त्याच भोकात नवा बसवला. नव्याचा दांडा ६ मिलिमीटरचा, जुनं बटण पाव इंचाचं, त्यामुळे डुगडुगत होतं. पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळल्यावर घट्ट बसलं.

काल झोपाळ्यावर वडिलांनी ते बटण फिरवून आवाज नेमका लावला. मग सवयीनं त्यांचा हात दुसऱ्या बटणाकडे गेला. दोरी अजून चालते. काटा डायलवर मुंबईकडे सरकत गेला आणि ते बराच वेळ तिथंच बघत बसले.

आता कापडाचं विचारते. तसंच सोनेरी धाग्याचं जाळीदार कापड कुठं मिळेल?