ताशी दर, हातात येणारे तास आणि युनियन : फास्ट फूडमध्ये काम केलेल्यांचे अनुभव

रानजाई
परवा रात्री साडेअकराला मुलगी कामावरून आली आणि तिच्या केसांना येणारा तळणीच्या तेलाचा वास मला चौदा-पंधरा वर्षे मागे घेऊन गेला. ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेज सांभाळून ड्राइव्ह-थ्रूच्या, म्हणजे गाडीत बसूनच खाणे घेण्याच्या, खिडकीत उभी राहते. २०१० साली टेक्सासमध्ये मीही तशीच उभी राहत असे आणि मला ताशी सव्वासात डॉलर मिळत. जुलै २००९ मध्ये लागू झालेला हा केंद्रीय किमान दर अजून बदललेला नाही, आणि टेक्सासमध्येही तोच चालतो.

गेल्या आठवड्यात एका घरी जेवताना एका गृहस्थांनी ऐकवले की ही कामे शाळकरी मुलांच्या हातखर्चासाठी असतात, त्यांना वेतनवाढ आणि युनियन कशाला हवी? मग मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मुले शाळेत असताना, काउंटरवर कोण उभे असते, हे विचारायला हवे होते. पण पाहुणी होते, गप्प बसले. माझ्या शिफ्टला सर्वांत तरुण मीच होते, आणि मी चौतीस वर्षांची होते. ज्यांनी हे काम केले आहे किंवा इतरांकडून करून घेतले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

सोनचाफा
दराबद्दल सगळे बोलतात, झोपेबद्दल कोणी बोलत नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्क शहरात मी रात्री एकला फरशी पुसून दुकान बंद करत असे आणि सकाळी सहाला तेच दुकान उघडायला हजर राहत असे. पुढच्या वर्षी शहराने कायदा केला की फास्ट फूड कामगारांना वेळापत्रक चौदा दिवस आधी द्यायचे आणि रात्रीची बंद करण्याची व सकाळची उघडण्याची शिफ्ट यांत अकरा तासांचे अंतर ठेवायचे. कामगाराने लेखी संमतीने त्याआधी काम केले, तर शंभर डॉलर जास्तीचे द्यायचे. त्यानंतर आमच्या मॅनेजरला सकाळसाठी दुसरी माणसे कशी सापडू लागली, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये याच शहरातले कामगार पंधरा डॉलर आणि युनियन अशा दोन मागण्या घेऊन संपावर गेले होते. पंधरा डॉलर २०१८ च्या अखेरीस मिळाले. आमच्या दुकानात युनियन काही आली नाही.

मधलीआळी
रानजाई, मुलीला लांब बाह्यांचा शर्ट आत घालायला सांगा. माझ्या उजव्या मनगटावर फ्रायरच्या जाळीची नक्षी कायमची उमटली आहे.

दक्षिणवारा
माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे, त्यामुळे बोलणी खाण्याची तयारी ठेवून लिहितो. माझ्या मोठ्या भावाची दोन दुकानांची फ्रँचायझी होती आणि मी चार वर्षे त्याचे हिशेब पाहत होतो. मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीवर आकारली जाते, नफ्यावर नाही. म्हणजे महिना तोट्यात गेला तरी ती द्यावीच लागते. भाडे ठरलेले, माल कोणाकडून घ्यायचा तेही ठरलेले. राहतो तो एकच आकडा, जो दादा स्वतः कमी-जास्त करू शकत होता, तो म्हणजे पगाराचा, आणि दर रविवारी रात्री तो वेळापत्रकातले तास खोडत बसे. कामगारांना वाटे की दादा चेंगट आहे. तो होताही थोडासा. पण ज्यांच्याशी खरा करार व्हायला हवा, ते त्या दुकानात कधी पाऊलही टाकत नसत.

कोरीपाटी
दक्षिणवारा, त्या खोडलेल्या तासांच्या दुसऱ्या टोकाला मी होते. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून देशभरात साठ किंवा अधिक दुकाने असलेल्या साखळ्यांसाठी ताशी वीस डॉलर दर झाला, त्याआधी मला राज्याचे किमान सोळा मिळत. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. मे महिन्यात माझे तास आठवड्याला बत्तीसवरून चोवीस झाले. गुणाकार करून पाहा : आधी पाचशे बारा, नंतर चारशे ऐंशी. वाढ नको होती, असे मी मुळीच म्हणत नाही. शेजारच्या साखळीतल्या माझ्या मैत्रिणीचे तास तसेच राहिले आणि तिने त्या वर्षी जुनी गाडी बदलली. मात्र दर कायद्याने ठरला आणि तास एका माणसाच्या मर्जीवर राहिले, तर वाढलेले पैसे मागच्या दाराने परत जातात.

सोनचाफा
पाचशे बाराचे चारशे ऐंशी! कोरीपाटी, वाचून पोटात कालवले. आता कसे आहे?

कोरीपाटी
अठ्ठावीसवर आले आहेत. मागून मिळाले नाहीत, दोघीजणी सोडून गेल्या म्हणून मिळाले.

उंबरठा
लोक सोडून जातात, यातच आमची युनियन बुडाली. आम्ही बावीस जण होतो. अमेरिकेत युनियन हवी की नको यावर मतदान घ्या, असा अर्ज करायला किमान तीस टक्के कामगारांच्या सह्या लागतात, म्हणजे आमच्या सात. आम्ही नऊ जमवल्या आणि फार फुशारलो. मतदानाचा दिवस येईपर्यंत त्या नऊ जणांपैकी पाच जण दुसरीकडे लागले होते, नव्यांना आम्ही कोण हेच माहीत नव्हते, आणि मधल्या काळात दर आठवड्याला युनियनविरोधी बैठक मात्र कामाच्या वेळेत, पगारी, भरत होती. शिवाय जिंकलो असतो तरी करार त्या एका दुकानापुरताच झाला असता.

सातासमुद्र
न्यूझीलंडमध्ये मी युनियनची सभासद होते. तिथे तासांची हमी नसलेले करार फास्ट फूडमध्ये सर्रास चालत. युनियनने २०१५ मध्ये मोठ्या साखळ्यांशी बोलणी करून ते मोडीत काढायला लावले आणि एप्रिल २०१६ पासून कायदाही बदलला. माझा पगार त्याने लगेच वाढला नाही. पण पुढच्या आठवड्यात किती तास मिळणार हे माहीत झाल्यावर मी पहिल्यांदा घरमालकाला भाड्याची तारीख ठामपणे सांगू शकले.

रानजाई
मधलीआळी, शर्ट आणला आहे. उंबरठा यांची हकिकत मुलीला वाचून दाखवली, तर तिने तिच्या दुकानात किती जण आहेत हे बोटांवर मोजायला सुरुवात केली. अठरा भरले. मग फोन वाजला. उद्याच्या तिच्या शिफ्टमधले दोन तास कमी झाल्याचा निरोप होता.